हाकेवर आलेली हरिणी

पूर्वी कर्णिकार नावाच्या नगरात विजितसेन राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वाने तेथील बुरडांच्या वस्तीत जन्म घेतला होता. त्याचे नाव वेणुक. त्याच्या हाताला कसब होते आणि बोलण्यात खोट नव्हती. म्हणून वडिलांच्या मागे नगरातल्या बुरडांनी त्यालाच आपल्या श्रेणीचा ज्येष्ठक, म्हणजे मुख्य, नेमले. वेळू तासून सुपे, टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणायच्या आणि बाजारात विकायच्या, हा त्या श्रेणीचा उद्योग.

नगराच्या उत्तरेला, शेते संपून अरण्य सुरू होई तिथे, एक आमराई होती. विशोका नावाची वृद्ध स्त्री त्या आमराईत राहत असे. तिचे वडील राजाच्या हत्तींचे वैद्य होते आणि मुक्या जीवांवर उपचार करायला ती त्यांच्याकडून शिकली होती. फासात अडकून पाय मोडलेली हरणे, वणव्यात होरपळलेले ससे, पंख तुटलेले करकोचे, जे कोणी सापडेल ते लोक तिच्याकडे आणून देत. ती त्यांच्या जखमा धुई, हाडे बसवी आणि बरे झाले की अरण्यात सोडून देई.

हे काम एकट्या बाईच्याने होण्यासारखे नव्हते. नगराने ते उचलून धरले होते. तेली घाण्यावरची पेंड आणून टाकत. कोष्टी जखमा बांधायला जुनी वस्त्रे देत. कुंभारांनी पाण्यासाठी पसरट परळे करून दिली होती आणि कोळी करकोच्यांसाठी बारीक मासळी राखून ठेवत. मोडलेल्या पायाला बांधायच्या कामट्या आणि जनावरे वाहून आणायच्या टोपल्या बोधिसत्त्वाच्या श्रेणीकडून येत. यातले काहीही कोणी हुकूम देऊन करवून घेतलेले नव्हते. लोकांना ते करावेसे वाटे.

सणावारी तर घरची सगळी माणसे आमराईत जात. हरणांना हाताने भरवीत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत. विशोका कधी कधी कुरकुर करी.

"फार लाड करू नका रे बाबांनो," ती म्हणे. "त्यांना परत जायचं आहे."

लोक हसत आणि आणखी एक मूठ पुढे करीत. पेंड आणणाऱ्या माणसांना दारातून परत कसे पाठवायचे, हे विशोकेला सुचत नसे. म्हणून तीही ते चालू देई.

या लोकांत इंगुदी नावाची एक तेलीण होती. धिप्पाड बांध्याची, आणि आवाज एवढा मोठा की घाण्याच्या करकरीतूनही रस्त्यापर्यंत ऐकू जाई. एकदा फासात पाय मोडलेली एक चितळाची हरिणी आमराईत आली. बोधिसत्त्वाने कामट्या तासून दिल्या, विशोकेने पाय बांधला, आणि खाऊ घालायचे काम इंगुदीने आपल्याकडे घेतले. ती कुंपणाबाहेरूनच "येऽ गं, येऽ" अशी हाक देई. हरिणी कुठेही असली तरी कान टवकारी आणि लंगडत लंगडत तिच्याकडे येई. पाय सांधला, पण चालीतला बाक तसाच राहिला.

विजितसेन राजा वयाने तरुण होता. मनाने तो दुष्ट नव्हता, पण आपल्या धनुर्विद्येचा त्याला फार अभिमान होता. आपला नेम कधी चुकत नाही असे त्याला वाटे, आणि त्याच्याभोवतीची माणसे त्याला तसेच सांगत. त्याच्या शिकारीची व्यवस्था पाहणारा बलाहक नावाचा मृगयाध्यक्ष होता. हा बलाहक एके दिवशी आमराईत आला. पारध्यांचा नायक आपल्या दारात आलेला पाहून विशोका वाटेत आडवी उभी राहिली. पण बलाहकाने पायातली पादत्राणे काढली आणि हात जोडले.

"माई, तुमचं काम महाराजांच्या कानावर गेलं आहे," तो म्हणाला. "तुम्ही सोडलेली जनावरं जवळच्याच रानात पुन्हा फासात अडकतात. ती नदीपलीकडच्या महारण्यात नेऊन सोडावीत अशी महाराजांची इच्छा आहे. तिथे फास लावायला कोणी जात नाही. गाड्या आमच्या, माणसं आमची."

मग तो बोधिसत्त्वाकडे वळला. "ज्येष्ठक, पिंजरे मात्र तुझ्या श्रेणीनं विणावेत. बदल्यात राजाच्या राखीव वेळूबनातून तुम्हाला हवे तेवढे वेळू तोडायची मुभा मिळेल."

नगराजवळचे वेळू विरळ होत चालले होते. बुरडांना भाऱ्यासाठी फार लांब जावे लागत होते. त्यामुळे ही मुभा लहान नव्हती. तरीही बोधिसत्त्वाने विचारले, "जनावरं सोडताना माई बरोबर असतील ना?"

"वाट अवघड आहे. त्यांच्या वयाला झेपणार नाही."

"मग मी येतो."

बलाहकाच्या कपाळावर आठी चढली. "राजाच्या शब्दावर पहारा बसवतोस का, बुरडा?"

राजाच्या शब्दापुढे बोधिसत्त्वाने आग्रह सोडला. श्रेणीने पिंजरे विणले, हवेशीर आणि भक्कम, जनावराच्या अंगाला कुठे कामटी बोचू नये असे. ज्या दिवशी गाड्या निघाल्या त्या दिवशी अर्धे नगर आमराईत लोटले होते. इंगुदीने हरिणीला शेवटची पेंड भरवली आणि स्वतः तिला पिंजऱ्यात चढवले, कारण दुसऱ्या कोणाच्या हातून ती चढेना. लोकांनी राजाचा जयजयकार केला. गाड्या नदीच्या दिशेने गेल्या. वळणापलीकडे त्या कुठे वळल्या ते कोणी पाहिले नाही.

पुढे वसंतोत्सव आला. नगराच्या पश्चिमेला राजाने नवे मृगयावन तयार करवले होते. उंच लाकडी कुंपण, मधे मोकळे मैदान आणि कडेने प्रजेला बसायला मचाणे. महाराजांची शिकार सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावी, असे निमंत्रण घरोघरी गेले. लोक नटूनथटून आले. बोधिसत्त्व आला, विशोका आली. इंगुदी सगळ्यांत पुढच्या मचाणावर बसली.

मैदानाच्या मध्यावर राजा धनुष्य घेऊन उभा राहिला. ढोल वाजले. हाकाऱ्यांनी पलीकडचे फाटक उघडले आणि चितळांचा कळप बाहेर आला. पण तो उधळला नाही. हाकारे मागून ओरडत होते, ढोल वाजत होते, तरी ती हरणे मैदानात उभी राहून मचाणावरच्या माणसांकडे माना वर करून पाहू लागली. कोणीतरी ओळखीचे शोधावे तशी.

तेवढ्यात इंगुदीने त्या हरिणीची चाल ओळखली.

"अगं बाई, ही तर आपली!" ती आनंदाने उभी राहिली. जनावरे बरी झाली आहेत हे दाखवायलाच राजाने ती आणली असावीत, असे तिला वाटले. तिने हात पुढे केला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात हाक दिली, "येऽ गं, येऽ!"

हरिणीने कान टवकारले. कळप सोडून ती निघाली आणि लंगडत, मान पुढे काढून, राजाच्या अगदी समोरून इंगुदीकडे येऊ लागली. राजाने बाण सोडला. तो तिच्या मानेत शिरला. तशीही ती थोडी चालली आणि इंगुदीच्या मचाणाखाली येऊन कोसळली.

"काय हा नेम! काय हा नेम!" राजाच्या सरदारांनी आरोळी ठोकली.

अशा नेमासाठी डोळे उघडे ठेवण्याचीसुद्धा गरज नव्हती. पण सरदारांनी टाळ्या पिटल्या, ढोलकऱ्यांनी ढोल बडवले आणि राजाने हसून दुसरा बाण हातात घेतला. मचाणांवर मात्र एकही माणूस हलला नाही. इंगुदीचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता.

बोधिसत्त्वाने मचाणावरून खाली उडी टाकली. तो मैदान ओलांडून गेला आणि राजा व कळप यांच्या मधे उभा राहिला. विशोकेला उडी मारता येईना, म्हणून शेजारच्यांनी तिला हात देऊन उतरवले. तीही येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली.

"बाजूला हो, बुरडा!" बलाहक ओरडला.

बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "महाराज, याला शिकार म्हणायचं का?"

"महारण्यातून हाकून आणलेली जनावरं आहेत ही," राजा म्हणाला. "अरण्य माझं आहे. त्यातलं जे काही आहे तेही माझं."

"अरण्यातलं चितळ माणसाचा वास आला की दिसेनासं होतं, महाराज. हे तुमच्यासमोरून चालत गेलं. का गेलं, असं तुमच्या मनात एकदाही आलं नाही?" बोधिसत्त्वाचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या मचाणापर्यंत ऐकू जात होता. "हिचा पाय आमच्या आमराईत बांधला. ही आमच्या हातून खाऊन उभी राहिली. माणसाजवळ गेलं की खायला मिळतं, एवढंच ती आमच्याकडून शिकली. तुमच्या पारध्यांना जाळं टाकावं लागलं नाही. आम्हीच जाळं होतो. ते बघा, फाटकापाशी पिंजरे रचलेत. ते माझ्या हातचे आहेत. महाराजांची दया आहे असं सांगून ते आमच्याकडून विणून घेतले. नगरातल्या बायकामाणसांनी आपल्या घासातला घास काढून या जीवांना वाचवलं, ते तुम्हाला उभ्या उभ्या मारता यावं म्हणून?"

राजाने बलाहकाकडे पाहिले. बलाहक घाईघाईने म्हणाला, "महाराज, रानातली जनावरं बाणाच्या टप्प्यात येतच नव्हती. आपण रिकाम्या हातानं परतत होता, म्हणून मी..."

पुढचे शब्द त्याने गिळले, पण जे बोलायचे ते बोलून झाले होते. मागच्या एका मचाणावर कोणीतरी मोठ्याने हसले. बोधिसत्त्वाच्या शब्दांनी जे झाले नव्हते ते त्या हसण्याने झाले. राजाचा चेहरा लाल झाला.

"याला याच्याच पिंजऱ्यात घाला," तो गरजला. "नगराच्या वेशीपाशी ठेवा. क्षमा मागेल तेव्हा बाहेर काढा."

सांबरासाठी विणलेल्या एका मोठ्या पिंजऱ्यात बोधिसत्त्वाला बसवून वेशीपाशी ठेवण्यात आले. बातमी नगरभर गेली आणि लोक धावत आले. तरुणांच्या हातांत पेटते पलिते होते. मृगयावनाचे कुंपण जाळून टाकू, असे ते ओरडत होते. रागावण्यासारखे घडलेच होते आणि बोधिसत्त्वाने त्यांना रागावू नका असे सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, "कुंपणाच्या आत कोण आहे? आग लागली की ती जनावरं तुमच्याकडेच धावत येतील. तुम्ही पलीकडे उभे असाल आणि मधे आग असेल."

पलिते विझवले गेले. मग लोक पिंजऱ्याभोवती बसले आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशी घाणे फिरले नाहीत, माग चालले नाहीत, कोळ्यांनी होड्या पाण्यात घातल्या नाहीत. मृगयावनात गवत कापून टाकायला कोणी गेले नाही, म्हणून बलाहकाला आपले पारधी विळे देऊन पाठवावे लागले.

दुपारी श्रेणीतला सर्वांत वडीलधारा बुरूड, नळक, पिंजऱ्याजवळ आला. बोधिसत्त्वाच्या वडिलांचा तो मित्र होता.

"वेणुका, बलाहकानं मला बोलावलं होतं," तो खाली बसून म्हणाला. "चूक झाली एवढं म्हण. वेळूबनाची मुभा कायमची आपली होईल. तुझ्या नातवंडांना वेळूसाठी रान तुडवावं लागणार नाही."

"आणि पिंजरे?"

"ते विणायचे. आपला धंदाच तो आहे. आपण विणतो, घेणारा आत काय ठेवतो ते आपण बघत नाही. आजवर कधी बघितलं?"

"आजवर बघावं लागलं नाही, काका."

नळक चिडला. "हरणांसाठी आपल्या पोरांच्या तोंडचं काढतोस? तू ज्येष्ठक आहेस, संन्यासी नाहीस!"

"ज्येष्ठक आहे म्हणूनच सांगतो," बोधिसत्त्व म्हणाला. "पोरांसाठी मी वेळू लांबून आणीन, म्हातारा होईपर्यंत आणीन. पण कामटीला कळत नाही, ती कोणासाठी वाकते ते. मला कळलंय. कळल्यावर माझे हात तो पिंजरा विणणार नाहीत. श्रेणीला तो विणायचाच असेल, तर आधी दुसरा ज्येष्ठक निवडा."

नळक उठला आणि रागारागाने निघून गेला. त्याने स्वतःच्या घरी बसून पिंजरा विणायला घेतला. पण कामट्या तासून द्यायला त्याची सूनसुद्धा जवळ आली नाही. संध्याकाळपर्यंत एकटाच झटून त्याने तळ कसाबसा पुरा केला आणि तो तसाच टाकून दिला.

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः वेशीपाशी आला. लोक भीतीने पळतील असे त्याला वाटले होते. ते उठून बाजूला झाले, पण कोणी गेले नाही आणि कोणी जयजयकारही केला नाही. रथातून उतरून राजा पिंजऱ्यापर्यंत चालत गेला. तेव्हा गर्दीतून इंगुदी पुढे आली. रात्रभर रडून तिचा तो मोठा आवाज बसला होता.

"महाराज, मी एक सांगते, मग मलाही आत घाला," ती म्हणाली. "बाण तुमचा होता. पण तिला तुमच्या बाणापुढे आणलं ते माझ्या हाकेनं. मी हाक मारली नसती तर ती कळपात उभी राहिली असती. वर्षभर ज्या हाकेवर तिला जगवलं, त्याच हाकेवर ती मेली. आता मी घाण्यावर बैलालासुद्धा हाक मारू शकत नाही. तुम्हाला नेमबाज व्हायचं होतं. त्यासाठी तुम्ही माझा गळा वापरलात. मला विचारायचं तरी होतं!"

राजा पिंजऱ्याजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

"हो, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण ते ठाऊक करून घेणं कठीण नव्हतं. जनावर पळालं नाही, हे तुम्ही पाहिलंत. ते का पळालं नाही, असं विचारलं असतंत तर तुमच्या नेमाची ऐट गेली असती. म्हणून विचारलं नाहीत."

राजाने पिंजऱ्याच्या कामटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुला या पिंजऱ्याचा राग येत नाही?"

"पिंजरा चांगला विणलाय. आणि मला आत घालताना पिंजरा आहे असं सांगून घातलंत. त्या जनावरांना कोणी तेवढंही सांगितलं नाही. त्यांना तर ज्यांच्यावर त्यांचा विश्वास होता त्यांच्याच हातांनी चढवलं. मला राग येतो तो त्याचा."

राजाने स्वतःच्या हाताने पिंजऱ्याची खुंटी काढली. बोधिसत्त्वाने क्षमा मागितली नव्हती आणि राजानेही ती मागण्यास पुन्हा सांगितले नाही. बलाहकाला त्याच दिवशी पदावरून दूर केले गेले. जाताना तो म्हणाला, "महाराज, मी आपल्याला हवं तेच केलं." राजाने मान खाली घातली, कारण ते खरे होते.

मग राजाने मृगयावनाची सगळी फाटके उघडायला लावली. लोक आनंदाने पाहायला गेले. पण एकही जनावर बाहेर अरण्याकडे गेले नाही. माणसे दिसताच हरणे फाटकात गोळा झाली आणि त्यांच्या हातांकडे, पदरांकडे नाके नेऊ लागली. ज्या मैदानात त्यांच्यातली एक मारली गेली होती, तिथेच ती खायला मागत उभी होती.

"ही जात का नाहीत?" राजाने विचारले.

"कुठे जातील?" विशोका म्हणाली. तिचा राग राजावर होता, नगरावर होता आणि स्वतःवरही होता. "पाय बरे केले, पंख बरे केले. भीती मात्र आपण त्यांच्यातून काढून घेतली. भरवताना आपल्याला गोड वाटत होतं ना? त्यांनी आपल्याला ओळखावं, हाकेला यावं, याची आपल्याला हौस होती. आज हा राजा सुधारला. उद्या दुसरा कोणी धनुष्य घेऊन येईल, आणि ही त्याच्याकडेही अशीच चालत जातील. त्यांची भीती त्यांना परत द्यायला हवी. ज्यांनी काढून घेतली त्यांनीच द्यायची."

लोकांना आधी ते समजले नाही. समजले तेव्हा कित्येकांनी मान हलवून नाही म्हटले. बोधिसत्त्वाने जमिनीवरून मातीचे एक ढेकूळ उचलले आणि समोर आलेल्या काळविटाच्या पायाशी फेकले. काळवीट दचकून मागे सरले आणि समजेना म्हणून पुन्हा पुढे आले. त्याने दुसरे फेकले, या वेळी ओरडून.

तेव्हापासून रोज नगरातले लोक तिथे जाऊ लागले. ज्यांनी परळे घडवली होती त्यांनी ती वाजवली. ज्यांनी वस्त्रे दिली होती त्यांनी वस्त्रे फडकावून आरडाओरडा केला. अरण्याकडच्या बाजूचे कुंपण राजाने पाडून टाकले होते आणि तो स्वतःही त्या लोकांबरोबर येऊन ओरडत असे. हळूहळू एकेक कळप झाडीत शिरू लागला. आधी तो झाडीच्या कडेला थांबून मागे पाही. पुढे पुढे थांबेनासा झाला.

त्या मेलेल्या हरिणीबरोबर आमराईत वाढलेले एक पाडस होते. सगळी गेली तरी ते जाईना. ते इंगुदीपाशी येई आणि तिच्या पदराला तोंड लावी. दुसऱ्यांनी कितीही हाकलले तरी ते तिच्याच मागे येऊन उभे राही. शेवटी लोक बाजूला झाले. हे तिचेच काम होते, हे सगळ्यांना कळले होते.

इंगुदीने ढेकूळ उचलले. तिने ते जपून फेकले आणि ते लांबच पडले. पाडस त्याला हुंगायला गेले. तिने आणखी एक उचलले, आणि मृगयावनातल्या त्या दिवसापासून जो आवाज तिने काढला नव्हता तो सगळा एकवटून ती ओरडली, "जा! जा इथून! मी तुझी कोणी नाही!" ढेकूळ पाडसाच्या खांद्याला लागले. ते दचकून उडाले, त्याने तिच्याकडे एकदा डोळे विस्फारून पाहिले आणि ते झाडीत घुसले. तिने पुढचे ढेकूळ उचलून हात मागे नेला. पण ते फेकायला समोर कोणी उरले नव्हते.

त्यानंतर आमराईची रीत बदलली. बोधिसत्त्वाच्या श्रेणीने वेळूचे उंच तट्टे विणले आणि जखमी जनावरांच्या जागा त्यांनी झाकून घेतल्या. पेंड, मासळी, वस्त्रे सगळे तट्ट्याबाहेर ठेवून परत जायचे. आत कोण आहे ते पाहायचे नाही, हाक मारायची नाही, नाव द्यायचे नाही. बऱ्याच लोकांनी येणे सोडले, कारण आता पाहायला काही नव्हते. जे येत राहिले त्यांच्यात इंगुदी होती, पुढे नळकही आला, आणि आठवड्यातून एकदा स्वतःच्या डोक्यावर गवताचा भारा घेऊन राजा येई. तेवढ्यांवर आमराई चालली. बोधिसत्त्व वेळू लांबूनच आणत राहिला आणि आयुष्य संपल्यावर आपल्या कर्मानुसार पुढे गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका लहान गावाजवळच्या विहारात सांगितली. त्या गावातल्या लोकांनी पंख मोडलेला एक सारस बरा केला होता. एका धनिकाचे म्हणणे होते की त्याचे पंख छाटून त्याला बागेत ठेवावे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहता येईल. गावच्या मुखियाने "ते कोणासाठी?" असे विचारले आणि गावाने ते ऐकले नाही. सारस उडाला. त्याला खाऊ घालणारी सुगंधा नावाची उपासिका रडत रडत विहारात आली. "भगवन्, त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही," ती म्हणाली. तिचे ऐकून एका तरुण भिक्षूला राग आला आणि त्या कृतघ्न पक्ष्याला तो बोल लावू लागला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा बलाहक म्हणजे आज पंख छाटा म्हणणारा तो गृहस्थ. नळक म्हणजे उपकाराची परतफेड मागणारा हा भिक्षू. विजितसेन राजा म्हणजे या गावचा मुखिया. त्यानं या वेळी पक्षी उडण्याआधीच विचारून घेतलं. विशोका म्हणजे सारसाचा पंख बांधणारी इथली वृद्ध सुईण. तो बुरूड मीच होतो. आणि सुगंधे, ती तेलीण तू होतीस. त्या जन्मी तुला हे शिकायला ढेकूळ उचलावं लागलं. या जन्मी तो आपणहून गेला. त्याला तुझी आठवण उरू नये, एवढं चांगलं तू त्याला बरं केलंस."

उपासिकेने डोळे पुसले आणि विचारले, "भगवन्, याला काय म्हणायचं?"

शास्ते म्हणाले, "याला मैत्री म्हणायचं."

वेणुकाच्या जन्मात बोधिसत्त्वाने मैत्रीपारमिता, म्हणजे सर्व जीवांविषयीच्या सद्भावाची पराकाष्ठा, पूर्ण केली.